घरच्या घरी चेरी-बदाम सावर

चिंचगुळी | शनिवार, रात्री ११.१०

जून उजाडला की मार्केट यार्डातून चेरीचे खोके आमच्या गल्लीतल्या फळवाल्यापर्यंत पोचतात. काश्मीरची मिश्री, थोडी हिमाचलची. पहिले दोन दिवस घरातले सगळे येता-जाता तोंडात टाकतात. तिसऱ्या दिवशी खोक्याच्या तळाशी मऊ पडलेल्या, डागाळलेल्या पाव-एक किलो उरतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. हा धागा त्या उरलेल्यांसाठी.

आधी फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी एक व्हिडिओ बघून 'चेरी सावर' (सावर म्हणजे दारू, आंबट आणि गोड यांचं कॉकटेल) केलं होतं. केकवर लावतात ती डब्यातली लालभडक चेरी, तिचाच पाक, व्हिस्की, लिंबू, आणि बदामाचा इसेन्स चांगला अर्धा चमचा. नवऱ्याने एक घोट घेतला, "खोकला कुणाला झालाय?" असं विचारलं आणि ग्लास मोगऱ्याच्या कुंडीत ओतला. मोगरा जगला, पण त्या वर्षी फुलला नाही.

मग गेल्या महिन्यात भाऊ येताना विमानतळावरून आमारेत्तोची बाटली घेऊन आला. मी बूच काढलं तेव्हा आई तिथेच लसूण सोलत बसली होती. ती कशालाच शिवत नाही, पण नाक जबरदस्त. मान वर न करता म्हणाली, "जर्दाळू कुणी फोडले?"

नंतर वाचत बसले तेव्हा कळलं, आईचं बरोबर होतं. आमारेत्तो ही इटलीतली लिकर, म्हणजे गोड दारू, नावाचा अर्थ 'जराशी कडू'. सगळे तिला बदामाची म्हणतात, पण मिलानजवळच्या सारोन्नो गावची जी सगळ्यात प्रसिद्ध आहे, 'दिसारोन्नो', तिच्यात बदाम नसतोच. जर्दाळूच्या बीतल्या गराचा अर्क असतो. लहानपणी जर्दाळू खाऊन झाले की उंबऱ्यावर बत्त्याने बिया फोडून आतला 'बदाम' खायचो, आठवतंय? एखादा कडू निघायचा आणि थू थू करत पाणी प्यायला धावायचो. तो कडू दाणाच या बाटलीत आहे. आपण रात्री भिजवून सकाळी सोलून खातो त्या गोड बदामाला मात्र हा वास नसतो, हवं तर उद्या हुंगून बघा. 'बदामाचा वास' म्हणून जो ओळखला जातो तो कडू बदामाचा, जर्दाळूच्या बीचा, पीचच्या बीचा आणि चेरीच्या बीचा. सगळी प्रूनस कुळातली मंडळी. चेरी आणि बदाम एका ग्लासात आले की लग्नात चुलत भावंडं भेटल्यासारखी वागतात ती त्यामुळे.

आता कृती.

चेरीचा पाक: ३०० ग्रॅम चेरी धुऊन बिया काढा. देठाच्या बाजूने हेअरपिनचं वाकडं टोक खुपसून ओढलं की बी अलगद बाहेर येते. जुना टी-शर्ट घाला, शिंतोडे भिंतीपर्यंत जातात. १५० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी घालून मंद आचेवर दहा मिनिटं. डावाने ठेचा, गार झालं की गाळा. गाळणीतला चोथा पोळीबरोबर खायला ठेवा. पाक फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. आमच्याकडे चार दिवसांच्या वर टिकल्याचा पुरावा नाही.

एका ग्लासाला: बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) किंवा घरात असेल ती व्हिस्की ३० मिली, आमारेत्तो ३० मिली, ताज्या कागदी लिंबाचा रस २० मिली, चेरीचा पाक १५ मिली, एका अंड्यातलं निम्मं पांढरं. धुरकट वासाची स्कॉच असेल तर ती तशीच प्या, यात घालू नका.

शेकर माझ्याकडे नाही. फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा आहे, पूर्वी त्यात लोणचं नेत असू. (वास गेलाय का ते आधी बघा. हेही अनुभवाने.) पहिल्यांदा बर्फ न घालता वीसेक सेकंद जोरात हलवायचं, म्हणजे अंडं फेसाळतं. आत हवा फुगते, झाकण हाताने दाबून धरा. मग डबा भरून बर्फ घालून पुन्हा दहा-बारा सेकंद, डबा हाताला चटका देण्याइतका गार होईपर्यंत. चहाच्या गाळणीतून ग्लासात. वर बोटभर गुलाबी फेस येतो. अंड्याचा वास खटकत असेल तर फेसावर बिटर्सचे (मसाल्यांचा कडू अर्क) दोन-तीन थेंब.

लिंबू बाटलीतलं नको. आणि पिळताना सालाचा शेवटचा थेंब काढायचा अट्टहास नको, कडवटपणा येतो.

---

पेठेतला बोका | शनिवार, रात्री ११.३२

पहिला! फोटो दिसत नाहीयेत.
बाकी 'सावर' प्यायल्यावर आपलं आपण सावरायचं की शेजारी कुणी लागतं?

---

कोपऱ्यातलं टेबल | रविवार, सकाळी ९.०५

चिंचगुळीताई, मस्त. थोडी भर घालतो.

सावर हा एकच पदार्थ म्हणण्यापेक्षा ते घराणं आहे: दारू, आंबट, गोड. जेरी थॉमस या अमेरिकन बारमनच्या १८६२ च्या पुस्तकात ब्रँडी सावर, जिन सावर छापलेली आहेत. आमारेत्तो सावर त्या मानाने कालचं पोर आणि बरीच वर्षं बदनामही होतं, कारण बारमध्ये तयार आंबटगोड मिश्रणाच्या बाटलीतून ते ओतत. २०१२ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जेफ्री मॉर्गेंथेलर या बारटेंडरने त्याची डागडुजी केली. नुसती आमारेत्तो गोड आणि मवाळ पडते म्हणून त्याने तिच्या निम्मी कडक बर्बन घातली आणि अंड्याचं पांढरं घुसळलं. साधारण ४५ मिली आमारेत्तो, २२ बर्बन, ३० लिंबू, चमचाभर घट्ट पाक. तुम्ही बर्बन आणखी वाढवलीत आणि साध्या पाकाच्या जागी चेरीचा घातलात. माझ्या मते योग्य केलंत, दोन गोड गोष्टी आल्या की कणा लागतो.

एक हिशेब मात्र सगळ्यांनी डोक्यात ठेवा. आमारेत्तो २८ टक्के, आपली व्हिस्की ४२.८ टक्के. दोन्ही ३०-३० मिली म्हणजे एका ग्लासात जवळजवळ ५० मिली व्हिस्कीइतकं मद्य. लागतं सरबतासारखं. आमच्या टेबलावर एका मित्राने तीन घेतली आणि चौथ्याच्या आधी तो माझ्या चपला घालून घरी गेला. माझे पाय ९ नंबर, त्याचे ७.

---

काळी मैना | रविवार, सकाळी १०.२०

ताई, तुमच्या पहिल्या प्रयोगातली 'चेरी' चेरी नव्हतीच हो! डब्यातली ती लालभडक गोळी म्हणजे बहुतेक वेळा करवंद असतं. कच्ची करवंदं चीक घालवून, बी काढून, लाल रंगात आणि पाकात मुरवतात. टुटीफ्रुटी म्हणून जसा कच्चा पपई विकतात, तसंच. आयुष्यभर वाढदिवसाच्या केकवरून आपण करवंद खात आलोय आणि हट्ट 'मला चेरी पाहिजे'.

माझं माहेर घाटमाथ्यावरचं. मे महिन्यात पानांच्या द्रोणात पिकलेली करवंदं विकायला बायका रस्त्याच्या कडेला बसतात. त्यांचा पाक करून बघा. चेरीपेक्षा आंबट, रंग जांभळट काळा, पाहुण्याला सांगितल्याशिवाय ओळखू येणार नाही. बिया काढत बसू नका, वेडे व्हाल. अख्खी शिजवून पुरणयंत्रातून काढा. चिकामुळे भांड्याला चिकटपणा राहतो, आधी तेलाचा हात फिरवून घ्या.

---

चिंचगुळी | रविवार, सकाळी ११.००

@काळी मैना, डब्यावर 'चेरी' असं ठळक छापलं होतं हो. आता भिंग घेऊन बघितलं, मागे बारीक अक्षरात 'करोंदा' आहे. माझ्या मोगऱ्याची क्षमा कुणाकडे मागू?
@पेठेतला बोका, शेजारी लागतं. चपला नंबरवार लावून ठेवाव्यात.

---

बत्तामार | रविवार, दुपारी १.१५

एवढा महाग आमारेत्तो कशाला? बदामाचा वास जर चेरीच्या बीतच आहे, तर ज्या बिया काढून फेकताय त्याच बत्त्याने फोडायच्या, आतला गर व्हिस्कीत महिनाभर भिजत टाकायचा. फुकट आमारेत्तो. मी तर उद्याच सुरू करतोय.

---

रसायनकाका | रविवार, दुपारी १.४०

बत्तामार, थांबा. बत्ता खाली ठेवा.

या बियांत अमिग्डलिन नावाचं द्रव्य असतं. बी अख्खी असते तोवर ते शांत असतं. फोडली, कुटली, ओलावा लागला की बीतल्याच एका विकराने (एन्झाइमने) ते तुटतं आणि त्यातून तीन गोष्टी निघतात: साखर, बेन्झाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड. बेन्झाल्डिहाइड म्हणजे तुम्हाला हवा असलेला बदामाचा वास. तिसऱ्याबद्दल मी वेगळं सांगायला नको. कारखान्यात कडू बदामाच्या तेलातून ते सायनाइड काढून टाकण्याची सोय असते, तुमच्या ओट्यावर ती नाही. आणि किती बियांत किती हे झाडागणिक बदलतं, त्यामुळे 'मी थोड्याच घेतल्या' याला अर्थ नाही.

युरोपात जर्दाळू-पीचच्या बियांपासून लिकर करायची जुनी रीत आहे हे खरं. म्हणून इथे कोणी 'आमच्या अमक्याने केलं, काही झालं नाही' लिहील. त्याला माझं आधीच उत्तर: हेल्मेट न घालता पोचलेलेही पुष्कळ असतात.

ताईंच्या आठवणीतल्या जर्दाळूचं विचाराल तर खायच्या जर्दाळूचे दाणे सहसा गोड जातीचे, त्यात हे प्रमाण फार कमी. कडू निघाला की थुंकायचं ही आजीची शिकवण शंभर टक्के शास्त्रीय.

वास स्वस्तात हवा तर बेकरीच्या सामानाच्या दुकानातून बदामाचा इसेन्स आणा. एका ग्लासाला एक थेंब. अर्धा चमचा घातलात तर शाळेतला पांढरा गोंद आठवेल.

---

बत्तामार | रविवार, दुपारी १.५५

ठेवला खाली.

---

चिंचगुळी | रविवार, दुपारी २.३०

काका, धन्यवाद. मूळ कृतीत 'बिया फेकून द्या' असं मी लिहायलाच हवं होतं. आणि गोंदाची उपमा अगदी तीच, दोन वर्षं मला शब्द सापडत नव्हता.

आमारेत्तो नसेल त्यांच्यासाठी आत्ता करून बघितलं: व्हिस्की ६०, लिंबू २०, चेरीचा पाक २५ आणि इसेन्सचा एक थेंब. दुपारी अडीच वाजता हे कबूल करताना लाज वाटत नाहीये, रविवार आहे. चव चांगली, पण आमारेत्तोमधला तो जळक्या साखरेसारखा गोडवा नाही. पाकातल्या साखरेपैकी निम्मी काकवी किंवा गूळ घालून बघायला हवं.

---

शेंगदाणा मसाला | रविवार, संध्याकाळी ६.१०

राजेहो, आमच्याकडे अंडं चालत नाही. व्हिस्की चालते. हे असं का ते विचारू नका, चौथ्या पिढीपासून असंच आहे. फेसाला दुसरं काही?

---

कोपऱ्यातलं टेबल | रविवार, संध्याकाळी ६.४५

छोले शिजवलेलं पाणी! जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच गृहस्थाने २०१४ मध्ये दाखवलं की कडधान्याचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं घुसळलं जातं. पुढच्या वर्षी त्याला 'ॲक्वाफाबा' असं भारदस्त नाव मिळालं. काबुली चणे रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात मीठ न घालता मऊ शिजवा आणि आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतकं बुळबुळीत करा. ग्लासाला २५-३० मिली.

---

शेंगदाणा मसाला | रविवार, रात्री ९.५०

केलं. फेस उत्तम. पण रंग गटारासारखा आणि चव भलतीच तुरट. काय चुकलं?

---

काळी मैना | रविवार, रात्री ९.५८

छोल्यांत चहाची पुरचुंडी टाकली होती का हो?

---

शेंगदाणा मसाला | रविवार, रात्री १०.०१

...बायको टाकते. सोडाही टाकते.

---

पेठेतला बोका | रविवार, रात्री १०.०३

म्हणजे तुम्ही चेरी-बदाम-चहा-सोडा प्यायलात. अमृततुल्यला कळवा.

---

मिशिगनवासी | सोमवार, सकाळी ७.२०

इथे रविवारची संध्याकाळ आहे, म्हणून वेळेवर आलो असं समजा.

तुमच्याकडची चेरी गोड जातीची. सावरला खरी शोभते ती आंबट चेरी, आणि अमेरिकेतली बहुतेक आंबट चेरी आमच्या राज्यात होते. ट्रॅव्हर्स सिटीच्या आसपास जुलैत रस्त्याकडेला ढीग लागतात. मोंमोरन्सी जातीची, पारदर्शक लाल, नुसती खाल्ली तर एक डोळा मिटतो. बायकोने पहिल्या वर्षी तिचं मेथांबा पद्धतीने लोणचं घातलं होतं. सासरी पाठवलं, अजून विचारणा होते.

काळी मैना यांच्या करवंदाच्या गोष्टीला इथे जोडीदार आहे. अमेरिकन आइस्क्रीमवरची 'मारास्किनो चेरी' ही खरी चेरी असते, पण तिला आधी गंधकाच्या आणि चुन्याच्या क्षारांच्या पाण्यात ठेवून पार पांढरी करतात. रंग गेला, चव गेली, उरतो तो कुरकुरीत सांगाडा. मग साखर, लाल रंग आणि वासासाठी रसायनकाकांचं ते बेन्झाल्डिहाइड. म्हणजे चेरीला चेरीचा वास बाहेरून लावायचा, आणि तोही बदामाचा! खारवण्याची ही पद्धत १९२० च्या दशकात ओरेगनमधल्या अर्नेस्ट वीगांड या प्राध्यापकांनी बसवली.

मूळची मारास्किनो निराळी. आड्रियाटिकच्या काठावर झादरला, तेव्हाचं झारा, मरास्का नावाची बारीक आंबट चेरी होते. तिथे १८२१ मध्ये लुक्सार्दो घराण्याने लिकर काढायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात सगळं उद्ध्वस्त झालं, वाचलेल्यांनी १९४७ मध्ये इटलीत पाडुआजवळ तोरेलियाला पुन्हा मांडामांड केली. त्यांच्या काळ्याभोर, घट्ट पाकातल्या चेरीची बरणी कुणी आणून दिली तर ग्लासात एक सोडा आणि बरणी कपाटाच्या वरच्या फळीवर लपवा.

---

काळी मैना | सोमवार, सकाळी ८.१५

गोड चेरीला आंबटपणा द्यायचा असेल तर पाक उकळताना दोन आमसुलं टाका आणि पाच मिनिटांनी काढा. आमसुलं मीठ लावलेली असतील तर धुऊन घ्या. रंगही गडद होतो.

---

पणजीकर | सोमवार, दुपारी ३.००

काजूची फेणी घालून केलं. सांगायला वाईट वाटतं, पण नको. फेणीचा स्वतःचा वासच एवढा दांडगा की चेरी, बदाम दोघंही ओसरीवर बसून राहिले. हुर्राक, म्हणजे काजूच्याच रसाची पहिल्या धारेची दारू, जमला असता, तो हलका. पण त्याचा हंगाम मार्च ते मे, आणि तुमची चेरी येते तेव्हा बाटली रिकामी झालेली असते. काळी मैना यांची करवंदं मात्र मे महिन्यातच. तेव्हा पुढच्या मे महिन्यात करवंद, हुर्राक, लिंबू, इसेन्सचा एक थेंब. नोंद करून ठेवली आहे.

बदामाच्या इसेन्सवरून आठवलं, आमच्याकडे ईस्टर-नाताळला मार्झिपान करतात ते बरेचदा काजूचं, आणि इसेन्स बदामाचा. खाणारा शपथेवर सांगतो, बदामच आहे.

---

नियमबोट | सोमवार, संध्याकाळी ५.४०

धाग्यावर परमिटचा उल्लेख नाही. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वय २५ आणि परवाना लागतो. गोव्यात २१. कृपया मूळ लेखात टाका.

---

चिंचगुळी | सोमवार, संध्याकाळी ७.१५

@नियमबोट, बरोबर आहे, तुमच्या प्रतिसादामुळे तो उल्लेख धाग्यावर आलाच. मी ४३ वर्षांची आहे, परमिट पाकिटात आहे.

@काळी मैना, आमसुलं टाकली. दोन जास्त झाली, ३०० ग्रॅमला एक पुरे. पण पहिल्यापेक्षा नक्की बरं, आधी पाक नुसता गोड-गोड बोलत होता, आता त्याला मत आलं.

@शेंगदाणा मसाला, वहिनींना सांगून वाटीभर चणे वेगळे शिजवून घ्या. चहा प्यायचा तेव्हा प्या.

न पिणाऱ्यांचंही सांगून टाकते, आज आईसाठी केलं होतं. उंच ग्लासात चेरीचा पाक ३० मिली, लिंबू १५, चिमूटभर मीठ, बर्फ, वरून गार सोडा. तिने घोट घेण्याआधी सवयीने हुंगलं आणि म्हणाली, "यात जर्दाळू नाही."

आत नेऊन इसेन्सचा एक थेंब टाकला, चमच्याने फिरवला, परत आणून दिला.

"आता आहे," म्हणाली आणि लसणाकडे वळली.